उणे पाच

३ तारीख, सोमवार

ही वही हिने आणली. हिने म्हणजे बायकोने. म्हणाली, "जे काय धुसफुसायचं ते यात धुसफूस. माझे कान किटले." कुणी सांगितलं म्हणून लिहिणारा माणूस मी नव्हे, पण सोयीचं आहे. दुपारच्या सुट्टीत कारखान्यात मी एकटाच असतो, आणि वही उलट उत्तर देत नाही.

तर झालं असं की तंत्रशाळेचं पत्र आलं. इलेक्ट्रॉनिक्सचा शिक्षक म्हणून माझी निवड झाली आहे. राहायला शाळेच्याच आवारात दोन खोल्या. पुढच्या एक तारखेला सकाळी दहाला हजर व्हायचं, नाहीतर यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावणार. दोन पानी पत्र. दुसऱ्या पानावर शाळेतल्या इतर रिकाम्या जागांची यादी होती, ते पान हिने ठेवून घेतलं. हिला वाचायला काहीही चालतं.

बाबांना सांगताना घाम फुटला. बाबा म्हणजे सासरे. कारखाना त्यांचा, वरचं घर त्यांचं, बायकोही मूळची त्यांचीच. आठ वर्षं मी इथे आहे. घरजावई म्हटलं की लोक गालातल्या गालात हसतात, ते मी आता मोजत नाही. बाबा एवढंच म्हणाले, "जा की जावईबापू, कोण अडवतंय तुम्हाला? तेवढी चाळीस यंत्रं हातावेगळी करा आणि खुशाल जा."

अडवत कुणी नाही हे खरंच. फक्त कारखाना बोळासारखा लांबट आहे, दार एकच, आणि दाराशी बाबांचं टेबल. वर घरात जायचा जिनाही त्यांच्या पाठीमागून. मी बसतो अगदी टोकाला, भिंतीशी. कुठेही जायचं तर त्या टेबलासमोरून, आणि बाबा भिंगातून मान वर करून विचारणार, "कुठे निघालात?" आठ वर्षांत मी एकदाही न सांगता बाहेर पडलेलो नाही.

४ तारीख, मंगळवार

यंत्रांबद्दल लिहून ठेवतो, कारण हे माझं आहे. आठ वर्षं मी बाबांचेच जुने नकाशे गिरवले. हे पहिलं माझ्या डोक्यातून आलेलं.

शाळांतल्या मुलांचे कान तपासायचं यंत्र आहे. कानात बारीक-मोठे आवाज सोडायचे, ऐकू आला की मुलाने बोट वर करायचं. आता आवाजाची लाट शून्याच्या वर जाते तशीच शून्याच्या खालीही जाते. वरच्या अर्ध्यासाठी अधिक पाच व्होल्ट लागतात, खालच्या अर्ध्यासाठी उणे पाच. कानाच्या डॉक्टरांनी तंबी दिली होती की बॅटरी एकच हवी, यंत्र पिशवीत मावलं पाहिजे. बाबा म्हणाले, दोन बॅटऱ्या घाला, त्यांना काय कळतंय. मी म्हटलं, नाही, चार्ज पंप लावू. एकाच बॅटरीतून उणे पाच काढून दाखवतो.

काल हिला समजावत होतो. कपॅसिटर म्हणजे वीज साठवायची दोन पायांची डबी. त्या दोन पायांत पाच व्होल्टांचं अंतर भरायचं. मग बॅटरीपासून तोडायचा, आणि वरचा पाय ग्राउंडला, म्हणजे शून्याला, बांधायचा. अंतर तर पाचाचं पाचच राहणार. मग खालचा पाय कुठे जाईल? ही उशांना अभ्रे घालत होती. मान वर न करता म्हणाली, "पाच पायऱ्यांची शिडी. वरचं टोक जमिनीला लावलं तर खालचं तळघरात." दोन वर्षं कॉलेजात घासून मला जे कळलं ते हिला अभ्रे घालता घालता कळलं. मग मी सांगितलं की तळघरात दुसरा कपॅसिटर बसलेला असतो, तो ते उणे पाच साठवून घेतो, आणि हे भरणं, तोडणं, उलटं बांधणं आणि ओतणं एक चिप सेकंदाला दहा हजार वेळा करते.

"आणि तळघरातून वर कसं यायचं?" तिने विचारलं.

म्हटलं, अगं, वर यायचंच नसतं, तेच तर त्याचं काम. मला वाटलं हसेल. हसली नाही.

७ तारीख, शुक्रवार

पहिली बारा यंत्रं आज डॉक्टरांकडे गेली.

इथली एक रीत आहे. कामाला असलेल्या मावशी सोल्डर करतात, म्हणजे सुटे भाग कथलाच्या टाक्यांनी बोर्डावर जोडतात, मी तपासतो, आणि मग प्रत्येक बोर्ड बाबांच्या भिंगाखालून जातो. त्यांना पटलं की ते स्वतःच्या हाताने लाल रंगाचा ठिपका देतात आणि डबा बंद करतात. ठिपका पडल्यावर डबा पुन्हा कुणी उघडायचा नाही. म्हणजे बाबांवर अविश्वास दाखवल्यासारखं होतं. मावशी पंचवीस वर्षं इथे आहेत, त्यांनीही कधी उघडलेला नाही. भिंतीवर बाबांनी तरुणपणी रंगवलेली अक्षरं आहेत: पट्टीचा पाय ग्राउंडला. कपॅसिटरच्या एका बाजूला पट्टी असते, तो त्याचा उणे पाय. रेडिओ झाले, भोंगे झाले, चाळीस वर्षांत इथे बनलेल्या प्रत्येक वस्तूत तो पाय ग्राउंडलाच गेला. मावशींना हे झोपेतून उठवून विचारा.

गंमत म्हणजे माझ्या बाराही बोर्डांवर बाबा एक अक्षर बोलले नाहीत. एरवी एका टाक्यावरून अर्धा तास ऐकवतात. दोन दिवस नुसते खाली मान घालून बसले आणि ठिपके देऊन मोकळे झाले. रागावले असणार. मी जातोय ते मनाला लागलंय, दुसरं काय.

१० तारीख, सोमवार

डॉक्टरबाईंचा फोन. तीन यंत्रांचा आवाज घोगरा येतोय. पहिल्या दिवशी छान होता, आता घसा बसल्यासारखा.

घोगरा म्हणजे लाटेचा खालचा अर्धा भाग कापला जातोय. म्हणजे उणे पाच कमी पडतंय. म्हणजे माझाच पंप. पण माझ्या टेबलावरचं नमुन्याचं यंत्र गेले दहा दिवस एकदाही बंद केलेलं नाही, आणि मीटरवर उणे चार पॉइंट नऊ, सुईइतकंही हललेलं नाही. त्याला ठिपका नाही, नमुना म्हणून ते माझ्यापाशीच राहिलं.

११ तारीख, मंगळवार

सगळं करून पाहिलं. पंपाची ताकद कमीच असते, जास्त वीज ओढली तर तो खचतो, म्हणून दुप्पट भार लावला. खचला, पण थोडाच. यंत्र केस वाळवायच्या मशीनने गरम केलं. बॅटरी अर्धमेली लावली. हूं की चूं नाही. माझ्यासमोर शहाण्यासारखं वागतं आणि दाराबाहेर पडलं की बिघडतं.

बाबा दोनदा येऊन मागे उभे राहिले. "होतं असं," म्हणाले, "नव्या कामात होतं. वाईट वाटून घेऊ नका." मी मान हलवली. आतून मात्र भडका उडाला होता.

१४ तारीख, शुक्रवार

बाराही यंत्रं घोगरी झाली. डॉक्टरबाई पार्सलने परत पाठवतायत. उरलेल्या अठ्ठावीसांवर ठिपके पडून झालेत, ती डबाबंद रांगेने ठेवली आहेत आणि माझ्याकडे टक लावून बघतायत.

सोळा दिवस राहिले. हिने विचारलं, शाळेत वसतिगृह मुलींचं पण आहे का, आणि ऑफिस किती वाजता उघडतं. मी म्हटलं, इथे माझा जीव टांगणीला लागलाय आणि तुला कसली चौकशी सुचतेय. नंतर एक जाड पाकीट घेऊन स्वतःच पोस्टात गेली. मैत्रिणीला लिहिलं असेल. वडिलांना सोडून जायचं म्हणजे तिला जड जात असणार, बोलून दाखवत नाही एवढंच. मुली तशाच असतात.

१७ तारीख, सोमवार

आज सकाळी माझ्या खुर्चीवर नवी गादी होती. बाबांनी शिवून आणली. "पाठ दुखते म्हणाला होतात ना," म्हणाले. शिवाय भिंतीला माझ्या डोक्याजवळ खिडकी फोडून घेऊ या, असं गवंड्याला विचारलंय म्हणे. आठ वर्षं मी खिडकी मागत होतो. आता निघायच्या वेळेला खिडकी.

मला स्पष्ट लिहू दे. मला संशय येतोय. यंत्रं माझ्या हातून चांगली जातात, बाबांच्या हातून जातात, आणि मग बिघडतात. चाळीस यंत्रं झाली की मी मोकळा. न झाली तर खुर्चीला गादी. असा विचार करतो म्हणून स्वतःचीच लाज वाटते, पण येतो तो येतोच.

२० तारीख, गुरुवार

पार्सल आलं तेव्हा बाबा दातांच्या डॉक्टरकडे गेले होते. परत आलेला माल आधी त्यांनी बघायचा ही रीत. मी रीत मोडली. मावशींच्या देखत मी लाल ठिपक्याचा डबा उघडला. त्यांनी हातातली सोल्डरची कांडी खाली ठेवली.

दुसरा कपॅसिटर फुगलेला. तळघरातला, उणे पाच साठवणारा. बाराच्या बाराही बोर्डांवर तोच. आणि बाराही ठिकाणी उलटा बसवलेला, पट्टीचा पाय ग्राउंडला.

इथे तो तसा बसवायचा नसतो. इतर सगळीकडे ग्राउंड हे सगळ्यांत खालचं असतं, म्हणून उणे पाय तिथे. पण इथे आपण ग्राउंडच्या खाली उतरलोय. उणे पाचाच्या मानाने शून्य वर आहे. म्हणून इथे, फक्त इथे, अधिक पाय ग्राउंडला जातो आणि पट्टी तळाकडे. बोर्डावर तसं छापलंय. उलटा बसवलेला कपॅसिटर लगेच मरत नाही, हेच वाईट. काही तास निमूट चालतो, मग आतून गळायला लागतो, गरम होतो, फुगतो आणि पंपाने ओतलेलं सगळं स्वतःच पिऊन टाकतो. मीटर लावला. उणे पाचाच्या जागी उणे दीड.

मी मावशींवर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा. त्या शांतपणे म्हणाल्या, "मी छापल्याप्रमाणेच लावले होते, साहेब. तुम्हीच तपासलेत." आणि त्यांची नजर दाराजवळच्या रिकाम्या टेबलाकडे गेली.

म्हणजे मुद्दाम. चाळीसच्या चाळीस. बोर्ड पुन्हा डब्यात घातले, पार्सल होतं तसं बांधलं. उद्या सकाळी तोंडावर विचारणार, मग काय व्हायचं ते होवो.

२१ तारीख, शुक्रवार

विचारलं नाही. का ते लिहितो.

सकाळी पाठीमागच्या कपाटाआड सुटे भाग मोजत होतो. बाबांना मी दिसत नव्हतो. पार्सल उघडून त्यांनी पहिला बोर्ड भिंगाखाली धरला, फुगलेला कपॅसिटर काढला आणि नवा घेतला. तोही तसाच बसवला, पट्टी ग्राउंडला, किती जपून. मग मावशींना जवळ बोलावलं. बाबांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांची कुजबुज सगळ्या कारखान्याला ऐकू जाते.

"जावईबापूंना काही बोलू नका हं," म्हणाले. "सगळीकडे उलटा लावलाय त्यांनी. छापतानाच चुकलेत. मी आपला गुपचूप सुलटा करतोय. पहिल्यांदा स्वतःचं काही केलंय त्यांनी, चारचौघांत शोभा नको. मी बोललो असतो तर पुन्हा हातात पेन्सिल धरली नसती त्यांनी."

मावशींनी कपाटाकडे पाहिलं. त्यांना मी तिथे आहे हे ठाऊक होतं.

मी तिथेच खोक्यावर बसलो. मुद्दाम केलं असतं तर किती सोपं होतं. पाय आपटत निघून गेलो असतो, आणि आठ वर्षांचं सगळं एकदाच ऐकवलं असतं. आता कुणावर ओरडू? माझी लाज राखायला म्हणून त्या माणसाने स्वतःच्या हातांनी चाळीस यंत्रं बिघडवली, आणि दोन आठवडे मला धीर देत माझ्या मागे उभा राहिला.

२४ तारीख, सोमवार

तीन दिवस सांगायचं ठरवतोय. शनिवारी टेबलापर्यंत गेलो. बाबांनी मान वर केली, "कुठे निघालात?" म्हटलं, हात धुवायला. हात धुऊन परत आलो.

सांगायला काय आहे त्यात? बाबा, इथे पट्टी ग्राउंडला लागत नाही. संपलं. पण भिंतीवरची अक्षरं त्यांची आहेत. बाराही यंत्रं त्यांच्या ठिपक्याने गेलीत. सत्तरीच्या माणसाला सांगायचं की तुम्ही माझी म्हणून झाकत होता ती चूक तुमचीच होती. माझी जीभ रेटत नाही.

२५ तारीख, मंगळवार

डॉक्टरबाई स्वतः आल्या. उभ्याउभ्याच बोलल्या. "एका मुलीला मी बहिरी लिहून टाकणार होते. तिला चांगलं ऐकू येत होतं, तुमच्या यंत्राचाच घसा बसला होता. मला एवढंच सांगा, चूक कुणाची?"

बाबा उठून उभे राहिले. "माल माझ्या दारातून गेलाय, बाई. चूक माझी." आणि माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं, जणू म्हणत होते, तुम्ही काळजी करू नका.

मावशी माझ्याकडे बघत होत्या. ही जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. मला बोलायला भरपूर वेळ होता, हे मी लिहून ठेवतो.

मी म्हटलं, "चूक माझी. मांडणीच चुकली. उणे बाजूची."

"दुरुस्तीला किती दिवस?"

आता आली पंचाईत. नुसते कपॅसिटर फिरवायला दोन दिवस. पण फिरवून पुन्हा भिंगाखाली जाणार, आणि बाबा पुन्हा मायेने उलटे करणार. एकच वाट होती: पट्टीच नसलेला कपॅसिटर लावायचा, कसाही बसवा, चालतो. तो आकाराने मोठा, म्हणजे बोर्ड नवे छापून घ्यायचे. मी म्हटलं, "महिना."

"मग महिनाभर हे काम तुम्हीच करायचं. प्रत्येक यंत्र तीन दिवस तुमच्या समोर चालवून मगच मला द्यायचं. दुसऱ्या कुणाच्या हातात नको. मुलांचे कान आहेत."

"ते कुठे जातायत," बाबा म्हणाले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात उबदार होता. मला रडू येईल असं वाटलं, ते कशाचं ते कळलं नाही.

२७ तारीख, गुरुवार

हिला सगळं सांगितलं. खरं म्हणजे मोठ्या अपेक्षेने सांगितलं. म्हटलं, नोकरीवर पाणी सोडलं, पण तुझ्या वडिलांची मान खाली जाऊ दिली नाही.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चाळीस भाग फिरवायला किती वेळ लागतो?"

"दोन दिवस."

"आणि बाबांना सांगायला?"

मी उशी सारखी केली.

"पाच मिनिटं," ती म्हणाली. "त्यांनी तुझी लाज राखली, तू त्यांची राखलीस. मला कुणी विचारलं?"

"अगं, तुझेच वडील."

"माझेच. म्हणून तर. मी या घरात जन्मले. पस्तीस वर्षं त्या टेबलासमोरून कुठे निघालीस, कुठे निघालीस ऐकतेय. लग्न झालं की मुली घर सोडतात. माझ्या लग्नात तूच सामान घेऊन इथे आलास." आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागलं. "ते पत्र आलं तेव्हा आठ दिवस मला आनंदाने झोप नव्हती. तुला कळलंसुद्धा नाही."

नव्हतं कळलं. मी तिची समजूत काढली की पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करू, आता खिडकी पण होतेय. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी खिडकीचं वाक्य अर्ध्यावर सोडलं.

२८ तारीख, शुक्रवार

शाळेला कळवलं की येऊ शकत नाही. पत्र चार ओळींचं झालं. कारण म्हणून "घरगुती" लिहिलं.

संध्याकाळी हिने ते दुसरं पान माझ्यासमोर ठेवलं. मुलींच्या वसतिगृहाला देखरेखीला बाई हव्यात, राहायची सोय आहे. तिने पाकीट पाठवलं होतं ते मैत्रिणीला नव्हतं. होकार चार दिवसांपूर्वीच आलाय, हजर व्हायचं एक तारखेलाच. म्हणाली, "दोघांचं हजर व्हायचं एकाच दिवशी आलं म्हणून मी तुला चकित करणार होते." मी विचारलं, मग आता? ती म्हणाली, "मी जातेय." आणि पुढे, "तू अजूनही बाबांना सांगू शकतोस. सांगितलंस तर शाळेत मी स्वतः फोन करते, पत्र अजून पोचलं नसेल." मी म्हटलं, बघतो.

१ तारीख, सोमवार

बघितलं नाही. शनिवार गेला, रविवार गेला.

सकाळी सातला ती बॅग घेऊन खाली उतरली. बाबांनी भिंगातून मान वर केली आणि विचारलं, "कुठे निघालीस?" ती म्हणाली, "नोकरीवर, बाबा." एवढं सरळ उत्तर त्या टेबलाला कधी मिळालं नसावं. बाबा उठले, बॅग उचलून बाहेरपर्यंत गेले, पोचल्यावर फोन कर म्हणाले. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "जेवत जा वेळेवर." मी हो म्हटलं.

बाबा आत आले. आपली खुर्ची ओढत ओढत सगळा कारखाना पार करून माझ्या टेबलाशी घेऊन आले. आठ वर्षांत ती खुर्ची दारापासून हललेली मी पाहिलेली नाही. शेजारी बसले. डोळे लाल होते.

"ती गेली ते बरंच झालं," म्हणाले, "तिच्या आईलाही असंच कुठेतरी जायचं होतं. मी कधी विचारलं नाही." मग माझा नमुन्याचा बोर्ड उचलून भिंगाखाली धरला. "जावईबापू, एक खरं सांगू? हे तुमचं मला मुळात कळलेलंच नाही. शून्याच्या खाली व्होल्टेज जातं कसं? लाज वाटायची विचारायला. आता दोघंच आहोत. मला पहिल्यापासून शिकवा."

नमुन्यावर दुसरा कपॅसिटर सुलटा आहे. पट्टी तळाकडे. पहिल्यापासून शिकवलं तर दहाव्या मिनिटाला त्यांना कळेल की ग्राउंडपेक्षा खाली काय आहे, आणि चाळीस ठिकाणी त्यांनी काय केलं. हुशार आहेत. दहा मिनिटंसुद्धा लागणार नाहीत.

ते वाट बघत होते, हातात पेन्सिल घेऊन.

मी बोर्ड त्यांच्या हातातून हळूच काढून घेतला आणि म्हटलं, "सांगतो बाबा, सावकाश सांगतो. आता वेळच वेळ आहे."